स्वीट पी: पेरणी आता, पण पाकीट कुठलं?

कर्दळ (पुणे), २४ सप्टेंबर

पितृपक्षाच्या सुमाराला पुण्यातल्या रोपवाटिकांमध्ये हिवाळी फुलांची पाकिटं दिसू लागतात. पिटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, पॅन्झी आणि त्यांच्यातच कुठेतरी स्वीट पी. ते पाकीट हातात घेतलं की शेजारी उभं असलेलं कुणीतरी हमखास सांगतं, "नका घेऊ, आपल्याकडे होत नाही, ते दिल्ली-डेहराडूनचं फूल." मला हे अजिबात मान्य नाही. आपल्याकडे स्वीट पी होतो, भरभरून होतो, वासासकट होतो. आपल्या हाती बहुतेक वेळा पाकीट भलतंच पडतं, एवढीच गोष्ट आहे.

तक्रार सगळ्यांची एकच असते. बी उगवलं, वेल वाढला, पानं हिरवीगार, पण डिसेंबर गेला, जानेवारी गेला तरी कळी नाही. कळ्या दिसतात त्या मार्चमध्ये, आणि चार फुलं उमलेपर्यंत ऊन वेलाला जाळून टाकतं. मग दोष थंडीला जातो, कुंडीला जातो, खताला जातो. यात सगळ्यात मोठा वाटा दिवसाच्या लांबीचा असतो, आणि तिच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

स्पेन्सर म्हणून ज्या मोठ्या, झालरदार पाकळ्यांच्या जाती विकल्या जातात, त्यांना कळ्या धरायला साधारण बारा तासांचा दिवस लागतो. पुण्यात डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि बारा तासांवर तो पोचतो मार्चच्या मध्याला. तोवर दुपारचा पारा ३५ च्या आसपास गेलेला असतो. स्वीट पीला २५ च्या वरचं ऊन सोसत नाही असं पुस्तकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे जानेवारीच्या दुपारी ३० पर्यंत जातं, तेही तो रात्रीच्या गारव्याच्या जोरावर निभावून नेतो. ३५ मात्र नाही.

यावर उपाय जातीतच आहे. दिवसाच्या लांबीनुसार स्वीट पीचे तीन गट पडतात. हिवाळी गट दहा-अकरा तासांच्या दिवसातही फुलतो: 'विंटर एलिगन्स', 'अर्ली मल्टिफ्लोरा'. मधला, वसंती गट अकरा तासांच्या थोडं पुढे: 'मॅमथ', 'कथबर्टसन', 'रॉयल'. आणि तिसरा उन्हाळी गट, ज्यात स्पेन्सर आणि बहुतेक जुन्या वासाच्या जाती येतात. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर या पट्ट्यात पहिल्या गटाचं बी ऑक्टोबरच्या मध्याला पेरलं तर जानेवारीत फुलं हातात येतात. दुसरा गट फेब्रुवारीत फुलतो. तिसरा सोडून द्या, निदान सुरुवातीला.

या वर्षी कोण कोण लावतंय? ज्यांच्याकडे आधी झाला आहे त्यांनी गाव, पेरणीचा महिना आणि जात जरूर लिहा. नुसतं "मस्त फुलला होता" एवढ्यावर दुसऱ्याला काही करता येत नाही.

आंबेमोहर (नाशिक), २४ सप्टेंबर

फार गरजेचा धागा. माझी अडचण अशी की आमच्याकडच्या दुकानात पाकिटावर नुसतं "स्वीट पी मिक्स" लिहिलेलं असतं. गट कुठला हे दुकानदारालाही माहीत नसतं. मग कसं ओळखायचं?

कर्दळ (पुणे), २५ सप्टेंबर

पाकिटावर काहीच नसेल तर ते उन्हाळी गटाचं आहे असं समजून चालायचं. "अर्ली", "विंटर" किंवा वर दिलेल्या नावांपैकी एखादं असेल तरच घ्यायचं. ऑनलाइन मागवताना विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

आणि रोपं उगवल्यावरही ओळखता येतं. हिवाळी गटाचं रोप सरळ एका दांड्यावर वर चढत जातं, बुडाशी फुटवे कमी. उन्हाळी गटाचं रोप लहान दिवसांत बुडाशी बसून राहतं, तिथूनच तीन-चार फांद्या फोडतं आणि मग सावकाश उठतं. नोव्हेंबरमध्ये कुंडीत डोकावलं की हा फरक लगेच दिसतो. मिश्र पाकिटात दोन्ही प्रकार निघाले तर आधी फुलणाऱ्या वेलांवर दोरा बांधून ठेवा आणि पुढच्या वर्षीचं बी त्यांचंच धरा.

रानवारा (दिल्ली), २५ सप्टेंबर

कर्दळ, मुद्दा आवडला पण पूर्ण पटला नाही. मी मूळचा साताऱ्याचा, गेली बरीच वर्षं दिल्लीत. इथे डिसेंबरचा दिवस पुण्याहूनही लहान, साधारण सव्वादहा तासांचा. तरी सरकारी बंगल्यांच्या कुंपणांवर साधा स्पेन्सर फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चमध्ये भरगच्च फुललेला असतो. बारा तासांचा दिवस तेव्हा झालेला नसतो. तुमच्या हिशोबाने हे व्हायलाच नको. मला वाटतं खरी गोष्ट थंडीचीच आहे. इथे जानेवारीच्या रात्री ५-६ अंशांवर जातात, पुण्यात तसं होत नाही.

खडूफळा (कोल्हापूर), २६ सप्टेंबर

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे या फुलाशी माझं नातं फळ्यावरचं आणि कुंडीतलं असं दोन्हीकडून आहे. रानवारा आणि कर्दळ दोघांचंही निरीक्षण बरोबर आहे.

बारा तास ही काही बटण दाबल्यासारखी रेषा नाही. दिवस जसजसा मोठा तसतशा कळ्या लवकर, असा तो चढता परिणाम आहे. आणि कोवळ्या रोपाने बरेच दिवस कडक थंडी खाल्ली तर त्याची मोठ्या दिवसाची गरज काही प्रमाणात कमी होते. दिल्लीत स्पेन्सर लवकर फुलतो तो या थंडीमुळे. शिवाय दिल्लीचा मार्च पुण्याच्या मार्चपेक्षा बराच गार, म्हणजे फुलायला अवधीही जास्त. आपल्याकडे थंडीची ती मदत मिळत नाही, मिळते ती अपुरी. म्हणून आपल्याला दिवसाची लांबी जास्त नडते, आणि कर्दळ यांचा सल्ला आपल्यासाठी योग्यच आहे.

टास्मानिया विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर काम झालं. हिवाळी, वसंती आणि उन्हाळी हे तीन गट मुख्यतः एकाच जनुकाच्या तीन रूपांमुळे पडतात असं त्यात दिसलं. बुडाशी कमी-जास्त फुटवे येण्याशीही तेच जनुक निगडित आहे, म्हणजे वर सांगितलेल्या रोपाच्या खुणेला पक्का आधार आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बारावीला आपण सगळे जे 'सहलग्नता' शिकलो, ते बेटसन आणि पनेट या इंग्लिश शास्त्रज्ञांनी याच फुलावर पाहिलं. जांभळं फूल आणि लांबट परागकण हे गुण पुढच्या पिढीत अपेक्षेपेक्षा जास्त वेळा जोडीनेच येतात, हे त्यांच्या १९०५ च्या सुमाराच्या प्रयोगांत दिसलं. त्यांचाच दुसरा प्रयोग त्याहून सुंदर. दोन वेगवेगळ्या पांढऱ्या फुलांच्या जातींचा संकर केला तर पहिली पिढी सगळी जांभळी निघाली, आणि तिच्या पुढच्या पिढीत जांभळी नऊ तर पांढरी सात असं प्रमाण आलं. रंग तयार व्हायला दोन जनुकं लागतात आणि प्रत्येक पांढऱ्या जातीत एकेक बिघडलेलं होतं. वर्गात मी हे शिकवतो तेव्हा टेबलावर खरं फूल ठेवलेलं असतं. मुलं आधी वास घेतात, मग प्रश्न विचारतात.

रानवारा (दिल्ली), २६ सप्टेंबर

खडूफळा सर, शंका फिटली. धन्यवाद.

जाईजुई (ठाणे), २७ सप्टेंबर

वाचतेय. वाचनखूण साठवली.

लाखोळी (भंडारा), २८ सप्टेंबर

नाव बघून राहवलं नाही. आमच्याकडे धान निघायच्या आधी बांधीत ओल असतानाच लाखोळी फेकतात, ती स्वीट पीच्याच लॅथायरस वंशातली. फूल लहान पण रंग असा निळा की शहरातल्या बागेत तसा क्वचितच मिळेल. ती आम्ही खातो: डाळ, वडे, कोवळी भाजी. तर या स्वीट पीच्या शेंगा खाता येतात का? दिसतात अगदी मटारसारख्या. आमच्याकडची लहान मुलं तोंडात घालतीलच.

खडूफळा (कोल्हापूर), २८ सप्टेंबर

अजिबात नाही! शेंग नाही, बी नाही, काहीच नाही. लाखोळीत जे द्रव्य असतं ते महिनोन् महिने मुख्य अन्न म्हणून खाल्लं तर पायांतलं बळ जातं, हे विदर्भाला आणि छत्तीसगडला दुष्काळांच्या काळापासून ठाऊक आहे. म्हणून 'रतन', 'प्रतीक' अशा कमी विषाच्या जाती काढल्या गेल्या. स्वीट पीच्या बियांत विषारी द्रव्य वेगळं आहे, बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल नावाचं. ते हाडांवर आणि सांध्यांना धरून ठेवणाऱ्या ऊतींवर परिणाम करतं. एखादा दाणा गिळला म्हणून लगेच अनर्थ होतो असं नाही, पण घरात लहान मूल असेल तर दोन नियम पाळा. मटार आणि स्वीट पी एकाच वाफ्यात लावायचे नाहीत, आणि शेंगा हाताच्या अंतरावर लोंबू द्यायच्या नाहीत. तशाही शेंगा धरू द्यायच्याच नसतात, त्याचं कारण कर्दळ सांगतीलच.

कर्दळ (पुणे), ३० सप्टेंबर

शेंगांवर जानेवारीत बोलू. आधी पेरणी, कारण निरोपांत सगळे तेच विचारत आहेत.

बी काळपट, गोल, टणक असतं. रात्रभर पाण्यात भिजत घाला, आठ-दहा तास पुरे, चोवीस तास नको. सकाळी काही दाणे फुगून दुप्पट झालेले दिसतील, ते लगेच पेरायचे. जे तसेच कडक राहिले त्यांच्या टरफलाला नेलकटरने किंचित टवका काढायचा. दाण्यावर एक छोटा डोळा असतो, त्याच्या विरुद्ध बाजूला. टवका टरफलापुरताच, आतला पांढरा गर दुखावायचा नाही. मग पुन्हा दोन-तीन तास पाण्यात.

खोली बोटाच्या एका पेराएवढी. मूळ सरळ खाली जातं आणि ते हलवलेलं त्याला आवडत नाही, म्हणून शक्यतो जागेवरच पेरा. कुंडी असेल तर निदान पंधरा इंच खोल हवी. पसरट, उथळ कुंड्या या कामाच्या नाहीत. मी पोयटा माती, जुनं शेणखत आणि गांडूळखत घेते, खाली विटांचे तुकडे. दोन ओंजळी हाडांचा चुरा आणि एक ओंजळ लाकडाची राख. नत्राचं खत टाळा. युरियाचा तर विचारही नको, नुसता पाला माजतो.

पाऊस खरोखर उघडल्याशिवाय पेरू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातला उकाडा आणि मधेच येणारी सर या दोन्हींत बी कुजतं. रात्री अंगावर पातळ पांघरूण घ्यावंसं वाटू लागलं की पेरा.

मातीकण (राहुरी), ३० सप्टेंबर

खताबद्दल एक भर घालतो. हे द्विदल आहे, मुळांवर गाठी धरल्या की स्वतःचं नत्र स्वतः मिळवतं. पण त्याला त्याचा जिवाणू मिळाला पाहिजे. मटार, मसूर, लाखोळी आणि स्वीट पी यांचा हा जिवाणू, रायझोबियम, एकच, म्हणून कृषी सेवा केंद्रात मटार किंवा मसूरचं जिवाणू संवर्धन मागायचं. हरभऱ्याचं चालत नाही, त्याचा जिवाणू वेगळा. भिजवलेलं बी सावलीत जरा कोरडं करून गुळाच्या पाण्यात कालवलेलं संवर्धन चोळायचं आणि लगेच पेरायचं, उन्हात ठेवायचं नाही. ज्या वाफ्यात आधी मटार झाला असेल तिथे बहुधा गरज पडत नाही.

गुलाबी रंग चढवलेलं बी आलं असेल तर त्यावर बुरशीनाशक असतं. ते हाताळताना हातमोजे घाला, आणि संवर्धन बियाला न चोळता मातीत मिसळा, नाहीतर जिवाणू मरतील.

दर्याकिनारा (रत्नागिरी), २ ऑक्टोबर

आमची लाल जांभ्याची माती आणि दमट हवा. आम्ही या धाग्यावर नुसतं वाचायचं की काही आशा आहे?

कर्दळ (पुणे), २ ऑक्टोबर

आशा आहे, पण थोडी. खोटं सांगून तुमचं एक वर्ष घालवणार नाही. किनाऱ्यावर जानेवारीच्या रात्रीही १७-१८ च्या खाली फारशा जात नाहीत, आणि स्वीट पी रात्रीच्या गारव्यावर जगतो. करायचंच तर फक्त हिवाळी गट, फक्त कुंडीत, पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. जागा पूर्वेची, म्हणजे सकाळचं ऊन पूर्ण आणि दुपारनंतर सावली. जांभ्याची माती आम्ल असते आणि स्वीट पीला किंचित अल्कधर्मी लागते, तेव्हा पंधरा इंची कुंडीला दोन मोठे चमचे चुनखडीची भुकटी पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळा. फुलं तीन-चार आठवडे मिळतील. आंबोली, महाबळेश्वर, माथेरान इथल्यांना मात्र बरंच सोपं आहे.

आंबेमोहर (नाशिक), ३ ऑक्टोबर

आमच्या काळ्या मातीला चुना नको ना?

मातीकण (राहुरी), ३ ऑक्टोबर

मुळीच नको. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते. तुमचा प्रश्न निचऱ्याचा आहे. वाफा वीतभर उंच करा, निम्मी पोयटा माती आणि शेणखत घाला.

धुकं (लीड्स, इंग्लंड), ५ ऑक्टोबर

धागा उशिरा दिसला. इथे स्वीट पी म्हणजे प्रत्येक गल्लीतलं फूल, त्यामुळे थोडं इथलं लिहिते.

आम्ही आता ऑक्टोबरमध्येच पेरतो, पण लांबट कुंड्यांत किंवा टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांत, आणि रोपं बिनतापवलेल्या काचेच्या पेटीत थंडी काढतात. एप्रिलमध्ये जमिनीत. जूनमध्ये इथे सतरा तासांचा दिवस, तेव्हा स्पेन्सर असा फुलतो की शेजाऱ्यांना वाटून संपत नाही. म्हणजे कर्दळ जे सांगताहेत तेच इथे उलट्या बाजूने दिसतं. भिजवण्याबद्दल मात्र इथे मतभेद आहेत. बरेच जण कोरडंच पेरतात, कारण गार मातीत भिजवलेलं बी कुजतं. पुण्याच्या ऑक्टोबरला भिजवणंच बरं वाटतं.

हे फूल मुळात इंग्लंडचं नाही. सिसिलीतल्या फ्रान्सिस्कस कुपानी नावाच्या मठवासी वनस्पतिअभ्यासकाने १६९९ मध्ये तिथलं रानटी बी इंग्लंडमधल्या एनफिल्डच्या रॉबर्ट युव्हडेल यांना पाठवलं. ते फूल लहान, तपकिरी-जांभळं आणि गर्द वासाचं. 'कुपानी' आणि तिच्या जवळची 'मटुकाना' या जाती आजही मिळतात. एका देठावर दोन-तीनच फुलं येतात, पण घरभर वास. मग १९ व्या शतकाच्या शेवटी हेन्री एकफर्ड या माळ्याने श्रॉपशरमधल्या वेम गावी मोठ्या फुलांच्या कितीतरी जाती तयार केल्या. आणि १९०१ मध्ये ऑल्थॉर्पच्या बागेतले मुख्य माळी सायलस कोल यांनी झालरदार पाकळ्यांची 'काउंटेस स्पेन्सर' लोकांपुढे आणली. ऑल्थॉर्प हे स्पेन्सर घराण्याचं, म्हणजे राजकुमारी डायनाचं माहेर. तुमच्या पाकिटावरचं 'स्पेन्सर' ते हेच.

माझं स्पष्ट मत: आकार बघून जात निवडू नका, वास बघून निवडा. वास नसलेला स्वीट पी लावण्यात काय अर्थ आहे?

जाईजुई (ठाणे), ५ ऑक्टोबर

शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन. धुकं, जमलं तर प्रचि (प्रकाशचित्र) टाका ना.

कर्दळ (पुणे), ६ ऑक्टोबर

धुकं, किती छान लिहिलंत. वासाबद्दल मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, पण 'मटुकाना' इथे लावण्याचा सल्ला देणार नाही. ती उन्हाळी गटातली. हिवाळी जातींचा वास तिच्याइतका गर्द नसतो, हे कबूल, पण सकाळी नऊच्या आत वेलाजवळ उभं राहा, दिवस सुधारतो. उन्हं चढली की वास उतरतो.

आंबेमोहर (नाशिक), १४ नोव्हेंबर

धागा वर काढतेय. रोपं वीतभर झाली, चार-पाच पानं आहेत. शेंडा खुडायचा का? आणि आधार कशाचा द्यायचा? प्लॅस्टिकची जाळी मला बघवत नाही.

कर्दळ (पुणे), १४ नोव्हेंबर

रोप एका दांड्याने सरळ जात असेल तर पानांच्या तीन जोड्यांवर शेंडा खुडा, बाजूने दोन-तीन फुटवे येतील. बुडाशी आपोआप फुटवे आले असतील तर खुडू नका. ज्यांनी नोव्हेंबरात उशिरा पेरलं त्यांनीही खुडू नका, खुडण्याने फुलं आठ-दहा दिवस मागे पडतात आणि आपल्याकडे तेवढे दिवस फुकट घालवायला नाहीत.

प्रदर्शनासाठी लांब देठाची फुलं हवी असतील तर वेगळी रीत आहे. एका रोपाला एकच दांडा ठेवायचा, बाजूचे सगळे फुटवे आणि ताणे काढत जायचे, आणि वेल हाताने काठीला बांधत न्यायचा. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला कुणी फुलं ठेवणार असेल तर जरूर करून बघा. घरच्या फुलदाणीसाठी एवढे कष्ट नकोत.

लाखोळी (भंडारा), १५ नोव्हेंबर

आधाराला तुराट्या लावा! वाळलेल्या तुरीच्या काड्यांना बारीक फाटे असतात, वेलाचे ताणे त्यांना आपणहून धरतात. गुळगुळीत बांबूवर ताणा घसरतो. मागच्या वर्षीच्या तुराट्या गावाकडे कुणाकडेही पडलेल्या असतात.

कर्दळ (पुणे), १५ नोव्हेंबर

लाखोळी, याहून चांगला आधार नाही. शहरात तुराट्या मिळाल्या नाहीत तर कामट्या रोवून त्यांना सुतळीची जाळी विणा. सुतळी खरखरीत असते, ताणा पकडतो. नायलॉनची दोरी नको, उन्हात तापते. उंची सहा फूट धरा.

मोगरीचा गजरा (सातारा), २२ डिसेंबर

कर्दळताई, अर्ली मल्टिफ्लोरा लावला होता. डिसेंबरच्या सुरुवातीलाच कळ्या आल्या, घरात सगळ्यांना दाखवल्या, आणि आता रोज सकाळी खाली पिवळ्या कळ्यांचा सडा. एकही उमलत नाही. खूप वाईट वाटतंय. काही रोग आहे का?

कर्दळ (पुणे), २२ डिसेंबर

रोग नाही, घाबरू नका. पहिल्या कळ्या गळणं फार जणांकडे होतं. ढगाळ हवा, दुपारी गरम आणि पहाटे एकदम गार, आणि त्यात कुंडी ओली चिंब, हे तिन्ही एकत्र आलं की वेल कळ्या टाकतो. गेल्या आठवड्यात तुमच्याकडेही ढग होते ना? पाणी कमी करा, वरची माती बोटाच्या एका पेरापर्यंत कोरडी झाल्याशिवाय घालू नका, आणि घालायचं ते सकाळी. खत काही घालत असाल तर थांबवा. दिवसाला पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा बघा. पुढच्या देठांवरच्या कळ्या टिकतील.

मोगरीचा गजरा (सातारा), २३ डिसेंबर

जीवामृत दर आठवड्याला घालत होते. थांबवते. खूप आभार ताई.

मातीकण (राहुरी), ९ जानेवारी

आता भुरीचे दिवस. खालच्या पानांवर पांढरी पूड दिसली की त्याच दिवशी ती पानं काढून टाका. सुरुवातीलाच आंबट ताकाचं पाणी, एक भाग ताक आणि नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा फवारलं तर बऱ्यापैकी आटोक्यात राहते. वाढली तर पाण्यात विरघळणारं ८० टक्के गंधक, लिटरला २ ग्रॅम, संध्याकाळी. गंधक आणि कडुनिंबाचं तेल एकत्र किंवा पाठोपाठ फवारू नका, पानं करपतात, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसला तर पाण्याच्या जोराने धुऊन काढा, उरलेल्यावर निंबोळी अर्क. पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर नागअळी. तेवढी पानं तोडा, बाकी काही करू नका.

आंबेमोहर (नाशिक), १७ जानेवारी

फुललं! पहिलं गुलाबी, दुसरं फिकट जांभळं, आणि एक असं तांबूस की त्याला नाव देता येत नाही. 'विंटर एलिगन्स', १६ ऑक्टोबरची पेरणी, पूर्वेची गच्ची. आईने आज देवाला वाहिली. तोडायला जीव होत नाही पण.

कर्दळ (पुणे), १७ जानेवारी

अभिनंदन! आणि तोडा, अगदी न चुकता तोडा. शेंगांची गोष्ट आता सांगते. एका वेलावर दोन-चार शेंगा भरू लागल्या की त्याचं वर्षाचं काम झालं, मग तो नव्या कळ्या धरत नाही. दर दिवसाआड फिरून देठावरची खालची दोन फुलं उमलली आणि वरची कळी मिटलेली असताना देठ बुडापासून कापायचा. सकाळी कापून लगेच पाण्यात. जितकं कापाल तितका फुलेल. आठवडाभर गावाला जाणार असाल तर शेजाऱ्यांना सांगून जा, फुलं त्यांनीच न्यावीत.

दर्याकिनारा (रत्नागिरी), ११ फेब्रुवारी

नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरले, चुना घातला, सकाळचं ऊन. काल पहिलं फूल आलं. वेल कमरेएवढाच, पण फूल आहे आणि त्याला वास आहे. कोकणाची नोंद करून ठेवा.

धुकं (लीड्स, इंग्लंड), ११ फेब्रुवारी

दर्याकिनारा, वाचून फार आनंद झाला. माझी रोपं अजून काचेखाली कुडकुडत आहेत!

मोगरीचा गजरा (सातारा), ८ मार्च

दुसऱ्या बहराची फुलं अगदी फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत मिळाली. आता ऊन वाढलंय, लाल कोळी ही कीडही दिसतेय. बी धरायचं आहे. घरचं बी आईच्या वळणावर जातं का?

कर्दळ (पुणे), ८ मार्च

जातं. फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागण झालेलं असतं, त्यामुळे शेजारी दुसऱ्या रंगाचा वेल असला तरी सहसा भेसळ होत नाही. सगळ्यात आधी फुललेल्या आणि वासाला उजव्या दोन वेलांवरच शेंगा ठेवा, बाकीचे जमिनीलगत कापून टाका. मुळं उपटू नका, गाठींतलं नत्र मातीत राहू द्या, त्या जागी गवार किंवा भेंडी लावा. शेंगा तपकिरी होऊन कडक झाल्या की त्याच दिवशी काढा. एक दिवस उशीर झाला तर दुपारच्या उन्हात त्या पीळ पडून फुटतात आणि बी गच्चीभर उडतं. कागदी पिशवीत सावलीत वाळवा, मग कोरड्या डब्यात, लहान मुलांच्या हाताबाहेर.

ज्यांच्याकडे जास्तीचं बी होईल त्यांनी मला निरोप पाठवा, सप्टेंबरात वाटून घेऊ. पाकिटावर तीन गोष्टी हव्यात: गाव, पेरणीची तारीख आणि पहिलं फूल आलं ती तारीख. डिसेंबरात ज्यांच्याकडे फुललं ते बी आधी कोकणात आणि मुंबईत पाठवू या.